फोटोतली माणसं ओळखणारे आहेत तोवर

घरातली जुनी छायाचित्रं कशी जपावीत यावरच्या लेखात त्यांच्या स्कॅनिंगवर भर दिलाय. ते हवंच, पण माझ्या मते त्याहून तातडीचं काम दुसरं आहे. फोटोत कोण आहे, मागे दिसतो तो पूल कुठला, हे सांगू शकणाऱ्या म्हाताऱ्या माणसांजवळ आजच बसायला हवं. कागद कपाटात अजून वीस वर्षं तग धरेल. नव्वदी गाठलेल्या माणसाची आठवण तेवढी थांबणार नाही. नावं नसलेला समूहफोटो कितीही स्वच्छ स्कॅन केला तरी अनोळखी चेहऱ्यांची रांगच उरते. नावं मागच्या बाजूला, कडेला, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहावीत. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो.

निगेटिव्ह, म्हणजे ज्या फिल्मवरून फोटो छापला ती, मात्र कृपा करून टाकू नका, प्रिंटपेक्षा त्यांत जास्त तपशील असतो. अॅसिटेट या प्लास्टिकच्या फिल्मला व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागला की ती कुजायला लागली असं समजा आणि बाकीच्यांपासून लगेच वेगळी करा, कारण ती वाफ शेजारच्या फिल्मलाही बिघडवते. 1950 च्या आधीची फिल्म नायट्रेट या जुन्या प्लास्टिकची असू शकते. ती झटकन पेट घेते, म्हणून आधी जाणकाराला दाखवा.

स्कॅन 600 डीपीआयवर (दर इंचाला 600 ठिपके), टिफ या दर्जा न घटवणाऱ्या फाइल प्रकारात, आणि फोटोच्या पाठीचाही करा. स्टुडिओचा शिक्का, तारीख, कुणीतरी कुणाला लिहिलेली एक ओळ तिथेच असते. स्कॅन झाला म्हणून मूळ फोटो रद्दीत गेलेला पाहिला की जीव तुटतो.