तिसरा प्रयत्न

दाताच्या डॉक्टरांकडील त्या सोफ्यावर मी बसलो नव्हतो, त्यात रुतलो होतो. सात नंबर पुकारला गेला, मी उठायला जोर केला आणि पूर्वीपेक्षाही खोल गेलो. दुसऱ्या खेपेस तोंडातून “आई गं” बाहेर पडले. मी मात्र आतच राहिलो.

“दोन झाले,” समोरचे गृहस्थ म्हणाले. माझ्याहून निदान पंधरा वर्षांनी मोठे असलेले हे गृहस्थ चक्क मोजत होते!

“गुडघ्यांचा त्रास आहे,” मी सबब पुढे केली.

“गुडघ्यांवर कशाला ढकलता? मांडीच्या स्नायूंतले जलद तंतू रोडावलेत तुमचे,” असे म्हणून त्यांनी मांडी ठोकली (स्वतःचीच, हे उपकार) आणि सांगू लागले, की मंद तंतू चिवट असतात आणि आपल्याला तासन्‌तास उभे ठेवतात, तर झटक्यात उठवणारे जलद तंतू वयाबरोबर अधिक बारीक होतात, शिवाय त्यांना हुकूम सोडणाऱ्या मज्जारज्जूतील काही चेतापेशी मेल्या की त्यांचे तंतू पोरके होतात आणि त्यांतल्या काहींना शेजारची मंद चेतापेशी दत्तक घेते, तेव्हा तेही मंद होतात.

“पण माझ्या मांड्या तर चांगल्या भरलेल्या आहेत,” मी म्हणालो.

“आकार सर्वांत सावकाश घटतो, बल त्याहून लवकर आणि शक्ती सर्वांच्या आधी. बल गुणिले वेग म्हणजे शक्ती; दोन्ही उतरले, की गुणाकारात दुहेरी मार.”

माणूस अनादी काळापासून म्हातारा होत आला आहे, पण या झिजेला ‘सार्कोपेनिया’ हे नाव मिळायला १९८९ साल उजाडावे लागले. नाव मिळूनही सोफे बनवणाऱ्यांपर्यंत ते पोहोचलेले नाही. आसन जितके खाली, तितका उठताना मांड्यांवर भार अधिक, एवढी साधी गोष्ट त्यांना कळू नये? वयस्कांची जिथे रीघ लागते, नेमके तिथेच हे मऊ खड्डे मांडून ठेवतात, आणि वर उठता न येणाऱ्यानेच ओशाळे व्हायचे!

“१९९० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात,” गृहस्थ थांबायला तयार नव्हते, “नव्वदीच्या घरातल्या माणसांनी आठ आठवडे वजनाचे व्यायाम केले, आणि मांड्यांचे बल सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले.”

त्या नव्वदीतल्या मंडळींचा मला मनापासून राग आला. एवढ्यात आतून आवाज आला, “सात नंबर नाहीत का? मग आठ या.”

गृहस्थ हातांची घडी न सोडता एका झटक्यात उभे राहिले, “चालू ठेवा,” म्हणाले आणि माझ्या देखत आत गेले.