आधी नेमो की आधी बेट?

नमस्कार. माझ्या ‘मिस्टीरियस आयलंड’वरच्या लेखावर सविस्तर लिहिलंत, आभार. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नचं ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’ (‘नॉटिलस’ पाणबुडीचा कप्तान नेमो याची गोष्ट) न वाचता थेट नंतरचं ‘मिस्टीरियस आयलंड’ वाचणं म्हणजे गोष्ट मधूनच ऐकणं, अशा वाचनावर लेख लिहू नये, असं तुमचं म्हणणं. मला ते पटत नाही. (रहस्य फुटू नये असं वाटणाऱ्यांनी इथेच थांबावं.)

१८६५च्या मार्चमध्ये, अमेरिकेतल्या यादवी युद्धात, रिचमंडहून फुग्यातून निसटलेली पाच माणसं आणि एक कुत्रा निर्जन बेटावर येऊन पडतात. इंजिनिअर सायरस स्मिथ दोन घड्याळांच्या काचा जोडतो, मध्ये पाणी भरतो आणि त्या भिंगाने आग पेटवतो. पाचांतल्या हर्बर्टच्या कोटाच्या अस्तरात सापडलेल्या गव्हाच्या एका दाण्यातून शेत उभं राहतं. पुढे हर्बर्ट तापाने मरायला टेकतो, बेटावर औषध नाही, आणि सकाळी टेबलावर क्विनीनची डबी! नेमो ठाऊक असलेल्याला इथे लगेच पाणबुडीचा संशय येणार. मी मात्र त्या पाच जणांइतकाच चक्रावलो होतो. व्हर्नने ही शेकडो पानं रचली आहेत ती त्या चक्रावण्यासाठीच.

पहिलं पुस्तक मी नंतर वाचलं. त्यात नेमोचं मूळ गुलदस्त्यात आहे. व्हर्नला तो पोलिश करायचा होता, पण रशियाला दुखवायला नको म्हणून प्रकाशक हेट्झेलने ते होऊ दिलं नाही. ‘आयलंड’मध्ये तो बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा, टिपू सुलतानचा भाचा, १८५७च्या उठावात लढलेला राजपुत्र डक्कार आहे. त्यामुळे पहिल्या पुस्तकात युद्धनौका बुडवल्यावर तो एक बाई आणि दोन मुलांच्या तसबिरीपुढे गुडघे टेकून रडतो, तेव्हा हे रडणं कुठल्या लढाईतून आलंय ते मला माहीत होतं. क्रमाने वाचणाऱ्याला तिथे अंदाजच बांधावा लागतो.

शिवाय क्रमाने वाचलं की तारखा अडतात. सायरस स्मिथ नेमोला ओळखतो ते त्याच्यावरचं पुस्तक वाचलेलं असल्यामुळे. पण त्या पुस्तकातल्या घटना सुरू होतात १८६६मध्ये, आणि स्मिथ त्याआधीच बेटावर अडकलेला! मी तिथे अडखळलो नाही.

एक मान्य करतो. मरणासन्न नेमो ‘नॉटिलस’च्या दालनात भेटतो तेव्हा ते दालन, तो ऑर्गन आधी पाहिलेल्याला जे वाटेल ते मला वाटलं नाही. तेवढं माझं हुकलं. पण तुमच्याच नियमाने ‘कॅप्टन ग्रांटची मुलं’ही आधी वाचायला हवं, कारण बेटावरचा एर्टन, तो पूर्वीचा गुन्हेगार खलाशी, तिथून आलाय. तुमच्या प्रतिक्रियेत त्याचा उल्लेखही नाही, आणि तरी एर्टनचा पश्चात्ताप तुमच्यापर्यंत पोचलाच ना?