आधी पाण्याचं बघा
थीम पार्कमधल्या जेवणावरच्या तुमच्या लेखात पदार्थांना चव आणि सर्व्हिसवर गुण दिलेत, पण दराबद्दल एकच ओळ? मुंबईहून खोपोलीच्या थीम पार्कला गेलं की अख्खा दिवस जातो. घरचा डबा गेटवर अडवला, की आत सांगतील त्या भावात घ्यावं लागतं, मग पावभाजी कितीही कोमट असो. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगृहांना बाहेरचं खाणं अडवायची मुभा दिली, पण पिण्याचं पाणी मोफत द्यायला सांगितलं. पार्कात तर लोक उन्हात रांगा लावतात, तिथे हे आधी हवं! शिवाय एकाच पाकीटबंद वस्तूवर दोन वेगळ्या एमआरपी छापायला २०१८ पासून बंदी आहे. बाटली घेताना छापील किंमत बघा आणि बिल मागाच.