‘मग तुमचा देव कधी नापासच होत नाही!’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया झोंबली, पण उडवून लावावी अशी ती नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आजारी माणूस बरा झाला की देवाची कृपा, दगावला की देवाची इच्छा, म्हणजे काहीही झालं तरी देव पास. तुमच्या बहिणीला मूल व्हावं म्हणून वर्षानुवर्षं प्रार्थना झाल्या आणि शेवटी मंडळीतल्याच (म्हणजे चर्चमधल्याच) कुणीतरी ‘तुझा विश्वास कमी पडतोय’ असं तिला सुनावलं. उपचार थांबव, असंही सांगितलं. एवढं होऊनही माझ्यासारखे लोक ‘विश्वास टिकवा’ म्हणून लेख लिहितात, याचा तुम्हाला संताप आलाय.

आधी बहिणीबद्दल. तिला सुनावणाऱ्यांच्या मनात बहुधा बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय असणार: विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील. पण तिथे आजाऱ्याने फक्त मंडळीच्या वडिलांना, म्हणजे चर्चमधल्या जबाबदार वडीलधाऱ्यांना, बोलवायचंय. तेल लावून प्रार्थना त्यांनी करायचीय. विश्वास मोजायचाच झाला तर आधी वडिलांचा मोजा की! योहानाच्या शुभवर्तमानात ३८ वर्षं आजारी असलेला माणूस बरा होतो, तेव्हा आपल्याला बरं करणारा कोण हेसुद्धा त्याला ठाऊक नसतं. उलट प्रेषित पौलाने शरीरातला काटा (आपल्या एका त्रासाला तो असं म्हणतो) निघावा म्हणून देवाला तीनदा विनवणी केली, तरी काटा राहिलाच. ‘माझी कृपा तुला पुरे आहे’, एवढंच उत्तर. याच पौलाने आपल्या सोबत्याला, त्रफिमाला, मिलेत शहरात आजारी सोडलं, आणि दुसऱ्या सोबत्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. उपचार सोडायला सांगणाऱ्यांनी ही ओळ कधी वाचलेली दिसत नाही.

मूल नसलेल्या बाईला हमखास बायबलमधल्या हन्नाची गोष्ट ऐकवतात, कारण शेवटी शमुवेल जन्मतो. शेवट ठाऊक असल्यामुळे मधलं कुणी नीट वाचत नाही. सवत दरवर्षी नेमकी देवाच्या घरी जाताना तिला डिवचते. ती रडते, जेवण टाकते. नवरा म्हणतो, मी तुला दहा मुलांपेक्षा जास्त नाही का? बिचारा मायेनेच विचारतो, पण विषय पुन्हा स्वतःवरच आणतो. ती नुसते ओठ हलवत प्रार्थना करते, तर एली याजकाला वाटतं ही प्यायलीय. तुमच्या बहिणीचे दिवस या मधल्या भागातच चाललेत, आणि तो भाग उपासनेत कधी ऐकू येत नाही. साक्ष द्यायला उभा राहतो तो ज्याची गाठ विरघळली. उभी राहते ती जिची कूस उजवली. बाकीचे ‘हालेलुया’ म्हणतात आणि मान खाली घालून घरी जातात. ‘आम्ही मागितलं, मिळालं नाही, तरी येतोय’ अशी साक्ष देणाऱ्यालाही पाळकांनी पुढे बोलवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तुमचा मुख्य मुद्दा. पुरावा म्हणून बघितलं तर तो बरोबर आहे. प्रार्थनेचे प्रयोग झालेत असं तुम्ही लिहिलंय. त्यातला सर्वांत मोठ्यांपैकी एक २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. हृदयाची बायपास झालेले १,८०२ रुग्ण होते. प्रार्थनेचा फायदा काही दिसला नाही. उलट आपल्यासाठी प्रार्थना होणार हे ज्यांना नक्की सांगितलं होतं त्यांच्यापैकी ५९ टक्के जणांना गुंतागुंत झाली, आणि ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली पण ज्यांना ते पक्कं ठाऊक नव्हतं त्यांच्यापैकी ५२ टक्के. मला याचा धक्का बसला नाही. प्रार्थना हा औषधाचा डोस आहे असं मी कधी मानलं नाही. जे मानतात त्यांनी मात्र या आकड्यांना उत्तर द्यायला हवं.

मग मी कशाच्या जोरावर टिकलोय? माझ्या धाकट्या भावासाठी आम्हीही रात्र रात्र प्रार्थना केल्या. तो गेला. ‘देवाची इच्छा’ हे शब्द मी तेव्हा घरात कुणाला उच्चारू दिले नाहीत, आजही देत नाही. ते देवाच्या वतीने बोलणं होतं आणि तो अधिकार आमच्यापैकी कुणाला नव्हता. त्या काळात मी बायबलमधलं स्तोत्र ८८ वाचायचो. त्यात शेवटी दिलासा येत नाही, अंधारातच ते संपतं. तरी कुणीतरी ते उपासनेच्या गीतांमध्ये ठेवलं, गाळलं नाही. आणि पकडला जाण्याआधी गेथशेमाने बागेत येशूनेच दुःखाचा प्याला टळू दे म्हणून मागितलं, तो टळला नाही. ज्याची स्वतःची विनंती तशीच राहिली, त्याच्याशी मी भांडू शकतो. भांडतोही. हा पुरावा नव्हे, मान्य. पण मी ज्याला विश्वास म्हणतो तो एवढाच आहे. ‘मागा म्हणजे मिळेल’ची हमी त्यात नाही.

तुमच्या बहिणीने प्रार्थना सोडली असेल, तर माझा लेख तिला पाठवू नका. स्तोत्र ८८ पाठवा हवं तर, तेही तिने स्वतःहून विषय काढला तरच.