दर काढता आला पाहिजे
वेल्डिंग शिकून स्वतःचं काम सुरू करणाऱ्यांसाठीचा एक लेख वाचला. त्यात मशीन, भांडवल आणि जाहिरात यावर छान लिहिलंय. पण दर कसा काढायचा, हे एका वाक्यात उरकलंय. नवी मुलं नेमकी तिथेच बुडतात हो! हात उत्तम असतो, आणि ग्राहकाला आकडा मात्र अंदाजाने सांगतात.

आधी वजन काढायला शिका. 1 मिमी जाडीचा 1 चौरस मीटर लोखंडी पत्रा 7.85 किलो भरतो, बाकी सगळं त्यावरून निघतं. 40 बाय 40 मिमीचा, 2 मिमी जाडीचा चौकोनी पाईप घ्या, 6 मीटरच्या लांबीला सुमारे 14 किलो. गेटला सव्वादोन मीटरचे तुकडे लागत असतील तर एका पाईपमधून दोनच निघतात आणि दीड मीटर उरतो. त्या उरलेल्याचे पैसे कोण देणार? म्हणून कुठल्या पाईपमधून कोणते तुकडे कापायचे तो कटिंगचा कागद आधी, दर नंतर.

वेल्डिंग करताना वितळणाऱ्या रॉडचंही तसंच. साधारण तिसरा हिस्सा शेवटी उरणारं थोटूक, स्लॅग (सांध्यावर जमणारी खपली) आणि ठिणग्यांत जातो. शिवाय ग्राइंडिंग व्हील, वीज, प्राइमर, वाहतूक, आणि हो, स्वतःची मजुरी! ती नफ्यात धरू नका, वेगळी मांडा.

कोटेशन लेखीच द्या. मापं, पाईपची जाडी, रंगाचे हात, फिटिंग कोणाकडे, सगळं त्यात हवं. मालाची रक्कम आगाऊ घ्या. मागून वाढवलेल्या कामाचा दर त्याच दिवशी लिहून सही घ्या, ओळखीचं गिऱ्हाईक असलं तरी.