भिंत हवी, झरोक्यासकट

आमच्या घरात चुली तीन झाल्या, सॉफ्टवेअर मात्र एकच राहिलं. आण्णांची सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत, तात्यांचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आणि आमच्या वडिलांचं, म्हणजे बापूंचं, पंप-ठिबक दुरुस्तीचं दुकान. तिघांच्याही गिऱ्हाइकांच्या तक्रारी एकाच जागी पडायच्या. कारण त्या सॉफ्टवेअरचे पैसे दरमहा माणशी मोजावे लागतात, आणि माणशी म्हटलं की आमच्याकडं माणसंच कमी होतात.

भानगड झाली एका विहिरीवर. बापूंचा मेकॅनिक मोटार उचलायला गेला, मोबाइलवर शेतकऱ्याचं नाव उघडलं, तर मोटारीच्या तक्रारीखाली दुसरी तक्रार: 'हळदीची पट्टी अजून मिळाली नाही. तीन हेलपाटे झाले.' पठ्ठ्यानं ती मोठ्यानं वाचली. विहिरीवर दहाबारा माणसं होती. संध्याकाळपर्यंत आण्णांनी पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या विकलेल्या मालाचे हिशेब, थकवल्याची बातमी दोन गावं ओलांडून गेली.

"तू इंजिनेर हाईस न्हवं? मग घाल भिंत," आण्णा म्हणाले.

त्यांना नीट समजावं म्हणून मी हरिपूरच्या पेवांचा दाखला दिला. जमिनीखाली ज्याची त्याची हळद ज्याच्या त्याच्या पेवात, तोंड बंद. आण्णा म्हणाले, "2005 च्या पुरात पाणी कुणाला इचारून शिरलं हुतं?" मी दाखला मागं घेतला.

तीन विभाग पाडायला पंधरा मिनिटं लागली. मी चहासुद्धा मागवला. मग लक्षात आलं, शेतकऱ्याची वाटणी होत नाही. हळदीचं रान त्याचंच, द्राक्षबागही त्याचीच आणि दोन्हीला पाणी पाजणारी मोटारही त्याचीच. नाव तीनदा लिहावं, तर त्यानं नंबर बदलला की तिन्हीकडं बदला. एकदाच लिहावं, तर नावाखाली सगळी कुंडली उघडी. शेवटी नाव-नंबर सामाईक आणि तक्रारी ज्याच्या त्याच्या, असं ठरवलं. तरी गळती थांबेना. रिपोर्टात तिघांची बेरीज एकत्र यायची. एका विभागातून दुसरीकडं ढकललेली तक्रार सगळा जुना संसार डोक्यावर घेऊन जायची, दिवाणजींनी आत लिहिलेल्या 'माणूस कटकट्या आहे' या शेऱ्यासकट. आणि सगळ्यात मोठं भगदाड कोल्ड स्टोरेजच्या भिंतीवर होतं. तिथल्या कॅलेंडरवर, पौर्णिमेच्या चौकटीत, पासवर्ड लिहिलेला. लॉगिन एक, वापरणारी माणसं पाच, शिवाय गेटवरचा वॉचमन.

रात्री तात्यांचा फोन. "माझं कुणाला दिसत नाही ना?"

"नाही."

"झकास. आता आण्णांचं मला दिसंल असं कर."

सकाळी आण्णा भडंगाचा पुडा घेऊन दारात. आण्णा आपणहून पुडा आणतात म्हणजे काम जोखमीचं. त्यांना कोल्ड स्टोरेजला कुणाचे किती बॉक्स पडलेत ते हवं होतं. "नुसतं बघायचं हाय, हात लावत न्हाई." सॉफ्टवेअरमध्ये बघण्याची परवानगी वेगळी, बदलण्याची वेगळी आणि पुसून टाकण्याची आणखी वेगळी का ठेवलेली असते, हे मला त्या दिवशी नीट कळलं. भाऊभाऊ डोळ्यासमोर ठेवूनच कुणीतरी ती सोय केली असावी. बापूंनी काही मागितलं नाही. आमचे वडील तत्त्वाचे, असं मला दुपारपर्यंत वाटत होतं. दुपारी त्यांनी आईकरवी निरोप पाठवला.

दोन दिवस झगडून मी तिघांनाही कोरडं ठेवलं. पण ॲडमिन म्हणून मला एकट्याला सगळ्यांचं सगळं दिसतं, हे तिघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. ते काकूंच्या आलं. तेव्हापासून मला तिन्ही चुलींवरून जेवायचा आग्रह होतोय.

सोमवारी भिंत चालू केली. मेकॅनिक पुन्हा त्याच विहिरीवर. त्यानं तोच शेतकरी उघडला. मोटार दिसली, हळद गायब. मला फोन आला.

"दादा, ह्यांच्या पट्टीचं काय झालं ओ? हितं समदी इचारत्यात."

"तुला ते आता दिसणार नाही," मी जरा ऐटीतच म्हणालो.

"बरं," म्हणाला आणि त्यानं थेट आण्णांच्या दिवाणजींना फोन लावला. दिवाणजींनी चष्मा पुसला, वही काढली आणि तारीख, पोती, वजन, भाव, हमाली, तोलाई, अशी अख्खी पट्टी सावकाश, खणखणीत आवाजात वाचून दाखवली.

फोन स्पीकरवर होता.