‘ब्लॅक फ्रायडे’चा प्रेक्षक

‘ब्लॅक फ्रायडे’ हा चित्रपट चालला नाही, कारण आपल्या प्रेक्षकाला वास्तव पचत नाही, हे त्यावरील लेखातील विधान मला एकांगी वाटते. १२ मार्च १९९३ च्या मुंबईतील बॉम्बस्फोटांवरचा अनुराग कश्यप यांचा हा चित्रपट २००४ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोकार्नो चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. मात्र टाडा (दहशतवादविरोधी कायदा) न्यायालयातील या स्फोटांच्या खटल्याचा निकाल बाकी असल्याने मुंबई उच्च न्यायालयाने त्याचे प्रदर्शन रोखले आणि तो चित्रपटगृहांत आला तो थेट फेब्रुवारी २००७ मध्ये. एवढ्या विलंबानंतर, एकही मोठा तारा नसताना, पहिल्याच आठवड्यात गर्दी व्हावी ही अपेक्षाच मुळात अवाजवी होती.

मी तो चित्रपटगृहात पाहिला. झोपडपट्टीच्या बोळांतून आरोपीचा पाठलाग करताना पोलिसांची पार दमछाक होते, ते अक्षरशः त्याला थांबण्याची विनवणी करू लागतात, तेव्हा आधी हशा पिकला आणि पाठलाग लांबत गेला तसा तो आपोआप विरला. प्रकरणांत विभागलेली मांडणी आणि नावांची गर्दी थकवते, हे मात्र मान्य. मलाही काही दुवे दुसऱ्यांदा पाहतानाच उमगले.